अर्ज अमेरिकेत, मी मिरजेत

२०२२च्या डिसेंबरात आई बाथरूममध्ये घसरली आणि तिचा खुबा मोडला. मिरजेत पहाट होती, इथे एडिसनला आम्ही संध्याकाळी जेवायला बसत होतो. फोन मावशीचा होता. तिने सगळं अगदी शांतपणे सांगितलं आणि त्या शांतपणानेच माझ्या पोटात गोळा आला. तिसऱ्या दिवशी मी मिरजेच्या हॉस्पिटलात आईच्या उशाशी होते. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर म्हणाले, "चालायला लागतील, पण वर्ष-दीड वर्ष धरून चला. आणि यापुढे एकट्या राहू शकणार नाहीत."

मी एकुलती एक. वडील जाऊन सहा वर्षं झालेली. नवऱ्याची नोकरी न्यू जर्सीत, मुलगा हायस्कूलला. त्या दोघांना हलवता येणार नव्हतं आणि आईला अमेरिकेत आणण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे जायचं मी, आणि थोडंथोडकं नाही, वर्षाहून जास्त.

इथे ग्रीन कार्ड आडवं आलं. आम्ही २००७ साली अमेरिकेत आलो. नवऱ्याच्या कंपनीने ग्रीन कार्डासाठी २००९ साली आमचा नंबर लावला, कार्ड हातात पडलं २०१९ साली. रोजगारावरच्या ग्रीन कार्डात कुठल्याही एका देशाच्या वाट्याला साधारणपणे ७ टक्क्यांहून जास्त कार्डं येत नाहीत, म्हणून भारतीयांची रांग इतकी लांब. त्या रांगेतली पहिली सहा वर्षं मला नोकरीची परवानगी नव्हती. एवढं सोसून मिळालेलं कार्ड घालवायचं, असं कुणी सहज म्हणू शकत नाही. आणि आईला परक्याच्या भरवशावर टाकायचं, हेही म्हणू शकत नाही.

नियम असा आहे. ग्रीन कार्डावर देशाबाहेर राहून परत यायचं तर वर्षाच्या आत यावं लागतं. वर्ष उलटलं की नुसतं कार्ड परत येण्याचा कागद म्हणून चालत नाही. त्याहून जास्त राहायचं असेल तर निघण्याआधी री-एंट्री परमिट मागायचं. ते मिळालं तर दोन वर्षांपर्यंत बाहेर राहून परत येता येतं. परमिटशिवाय वर्ष ओलांडलं, तर वकिलातीत जाऊन परतणाऱ्या रहिवाशाचा खास व्हिसा मागावा लागतो आणि मुक्काम लांबला तो आपल्या हातात नसलेल्या कारणाने, हे सिद्ध करावं लागतं. ती वाट फार अवघड.

परमिटचा अर्ज करताना आपण अमेरिकेच्या भूमीवर असायलाच हवं. मी मिरजेत बसून तो भरू शकत नव्हते. म्हणून तीन आठवड्यांनी, आईचे टाके निघाल्यावर, मावशीला इचलकरंजीहून मुक्कामाला बोलावलं आणि मी जानेवारीत परत आले. फक्त अर्जासाठी. आईला वाटलं मी कायमची निघाले. ती काही बोलली नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तो निरोप मला अजून आठवतो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले, ते. अर्जाचा फॉर्म आय-१३१. या एकाच फॉर्मवर वेगवेगळे कागद मागता येतात. ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड आहे त्यांचं री-एंट्री परमिट, निर्वासितांचा प्रवासाचा दाखला, आणि ज्यांचा ग्रीन कार्डचा अर्ज अजून निकालात निघालेला नाही त्यांची बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी, म्हणजे अ‍ॅडव्हान्स पॅरोल. फॉर्मवर चौकोन आहेत, आपल्याला लागू असलेल्या चौकोनात खूण करायची. आमचा चौकोन सगळ्यात वरचा. अ‍ॅडव्हान्स पॅरोलवाल्यांचा नियम कडक आहे. ते हातात पडायच्या आधी देश सोडला तर, काही ठराविक व्हिसावाले वगळता, मूळ ग्रीन कार्डचा अर्जच सोडून दिला असं धरतात. हा नियम री-एंट्री परमिटला लागू नाही. आपलं कार्ड आधीच झालेलं असतं. अर्ज दाखल करताना आपण अमेरिकेत होतो, बोटांचे ठसे देऊन झाले, की निघता येतं. परमिट मागाहून येतं.

पण फॉर्म एक, नंबर एक, त्यामुळे लोक दोन्ही नियमांची खिचडी करतात. मी अर्ज भरतेय म्हटल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर चार दिवसांत चार सल्ले आले आणि चारही सारखेच: परमिट हातात येईपर्यंत हलू नकोस, नाहीतर कार्ड जाईल. सांगणारी माणसं आपुलकीची होती, पण त्यांना आठवत होता तो त्यांच्या स्वतःच्या अ‍ॅडव्हान्स पॅरोलचा काळ. आमच्या ओळखीतली एक मैत्रीण याच समजुतीपायी आठ महिने इथे थांबली. वडील नाशिकला अंथरुणावर होते. परमिट आलं तेव्हा वडील राहिले नव्हते. तिला कुणी एका वाक्यात नीट सांगितलं असतं तर ती शेवटचे सहा महिने त्यांच्याजवळ असती. तिची गोष्ट ऐकल्यावर मी दुसऱ्याच दिवशी वकिलाची वेळ घेतली. अर्ध्या तासाची फी दिली आणि सल्ल्यांना उत्तरं देणं थांबवलं.

अर्जासोबत कार्डाची दोन्ही बाजूंची झेरॉक्स, पासपोर्टसारखे दोन फोटो आणि ६६० डॉलर. ५७५ अर्जाचे आणि ८५ ठशांचे, असा तेव्हाचा हिशेब होता. एप्रिल २०२४पासून तो एकत्र ६३० झाला. फॉर्ममध्ये गेल्या पाच वर्षांत बाहेर किती काळ होतात हे विचारतात. पाचांतली चारांहून जास्त वर्षं बाहेर गेली असतील तर परमिट दोनऐवजी एकाच वर्षाचं देतात. आणखी एक प्रश्न आहे, तो घाईत वाचू नये: कार्ड मिळाल्यापासून कधी अनिवासी म्हणून आयकराचं विवरण भरलंय का? पैसे वाचतात म्हणून कुणी तसं भरलं असेल, तर आपण इथले रहिवासी नाही असं त्याने स्वतःच लिहून दिल्यासारखं होतं.

परमिट कुठे पाठवायचं, तेही फॉर्मवरच सांगावं लागतं. घरच्या पत्त्यावर किंवा परदेशातल्या अमेरिकन वकिलातीत. मुंबईची वकिलात बांद्रा-कुर्ला संकुलात आहे, मिरजेहून एका रात्रीचा प्रवास. मी बराच विचार केला आणि घरचा पत्ता दिला, कारण एडिसनच्या घरी नवरा होता. ज्यांच्या अमेरिकेतल्या घराला कुलूप लागणार आहे त्यांनी वकिलातीचा विचार करावा. पेटीत पडून राहिलेलं किंवा परत गेलेलं टपाल इतक्या लांबून शोधणं फार कठीण जातं.

पाकीट टाकल्यावर दोन आठवड्यांत पोच आली. तीन अक्षरं आणि दहा आकडे असलेला नंबर. पुढे वर्षभर तो मला पाठ होता. फेब्रुवारीच्या शेवटी ठशांची तारीख आली. तोवर मी तिकीट काढलं नव्हतं आणि हे मी प्रत्येकाला सांगते: तिकीट ठसे दिल्यावरच काढा. तारखेला न जाता निघून गेलात तर अर्ज नाकारला जाऊ शकतो. मग त्यासाठी मिरजेहून परत या, नाहीतर तारीख बदलून घेण्याच्या मागे लागा.

ठशांचं काम खरं तर वीस मिनिटांचं. माझं लांबलं. मिरजेत तीन आठवडे आईचे कपडे हाताने धुतले होते, डेटॉलच्या पाण्यात हात सतत. बोटांची साल निघाली होती. काचेवर उजवी तर्जनी ठेवली की पडद्यावर लाल चौकट यायची. तिथली बाई वयाने माझ्याएवढीच होती. तिने ओला कागद देऊन बोटं पुसायला लावली, मग माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "तुम्ही दाबू नका, हात सैल सोडा, मी दाबते." चौथ्या खेपेला हिरवी चौकट आली. "हातांनी काय काम करता?" असं तिने सहज विचारलं. मी आईचं सांगितलं. ती क्षणभर थांबली, मग उरलेली बोटं तिने एकेक करून फार हलक्या हाताने काचेवर टेकवली.

४ मार्च २०२३ला मी निघाले. मुंबईहून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस, सकाळी मिरज. त्या तारखेभोवती मी कॅलेंडरवर दोन खुणा केल्या होत्या. एक सहा महिन्यांवर, एक वर्षावर.

सहा महिन्यांचं लोक विसरतात. सलग १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिलात तर परत येताना कायदा तुम्हाला नव्याने प्रवेश मागणारा धरतो. म्हणजे अधिकारी जास्त खोलात चौकशी करू शकतो. शिवाय नागरिकत्वासाठी जो सलग रहिवास लागतो, तो सहा महिन्यांहून लांब गैरहजेरीने तुटला असं गृहीत धरतात. तुटला नाही हे आपण पटवून द्यायचं. वर्ष झालं तर तो तुटतोच, आणि तिथे री-एंट्री परमिटचाही उपयोग नाही. परमिट कार्ड सांभाळतं, नागरिकत्वाचा काळ सांभाळत नाही. मी २०२४ साली नागरिकत्वाला पात्र होणार होते. ते लांबणार हे मला निघतानाच कळलं होतं. मी ते मान्य केलं. आईची वर्षं मोजकी आहेत, नागरिकत्व थांबेल.

मिरजेचे दिवस. सकाळी आठला फिजिओथेरपिस्ट यायचा. आधी पलंगाच्या कडेला बसणं, मग वॉकर धरून उभं राहणं, मग खोलीतल्या खोलीत सहा पावलं. आमचं घर सतारमेकर गल्लीपासून जवळ आहे. आई उंबऱ्यापर्यंत चालायला लागली तेव्हा मी तिला संध्याकाळी व्हीलचेअरवर तिथवर न्यायची. तंबोऱ्याचे वाळलेले भोपळे रांगेने ठेवलेले, आत कुणीतरी तार लावत बसलेलं. आई डोळे मिटून ऐकायची आणि पंचम लागला की मान हलवायची. रात्री ती झोपली की मी फोनवर तो तेरा खुणांचा नंबर टाकायचे. ठसे घेतले गेले आहेत, एवढंच उत्तर. एप्रिलमध्ये तेच, जुलैमध्ये तेच, दिवाळीतही तेच. अर्ज निकालात निघायला त्या काळात वर्षाच्या वर लागत होतं.

एप्रिलमध्ये नवऱ्याने नेहमीप्रमाणे आमचं दोघांचं संयुक्त विवरण रहिवासी म्हणूनच भरलं. आईच्या आणि माझ्या जोडखात्याचीही माहिती दिली, कारण परदेशातल्या खात्यांत मिळून १०,००० डॉलरच्या वर रक्कम गेली तर ती कळवावी लागते. माझं ड्रायव्हिंग लायसन्स, तिथलं बँक खातं, घराच्या कर्जावरचं नाव, सगळं होतं तसं ठेवलं. वकिलाने सांगितलं होतं, परमिट म्हणजे तुमच्या परत येण्याच्या इराद्याचा एक पुरावा. तो इरादा बाकीच्या गोष्टींतही दिसला पाहिजे.

जानेवारी २०२४ उजाडला तरी परमिट नव्हतं आणि वर्षाची खूण जवळ येत होती. लवकर निकालासाठी विनंती केली, हॉस्पिटलची कागदपत्रं जोडली, नकार आला. आता रस्ता एकच होता. ४ मार्चच्या आत कार्डावर परत जायचं. परमिटचा अर्ज प्रलंबित आहे म्हणून वर्षाची मुदत वाढत नाही, हे नीट लक्षात घ्या. पोच म्हणजे परमिट नव्हे.

मावशी पुन्हा आली. १७ फेब्रुवारीचं तिकीट काढलं. मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलाने पासपोर्टावरचा येण्याचा शिक्का बघितला आणि कॅल्क्युलेटर काढला. मग वरिष्ठाला बोलावलं. मी तोंडाने सांगत होते, ३५० दिवस, वर्षाच्या आत आहे. ते दोघे पुन्हा मोजत होते. त्यांनाही दोष नाही, नियमात न बसणारा प्रवासी नेला तर विमान कंपनीला दंड होतो. पण मागे रांग, आणि आपलं घर कुठलं हे दोन अनोळखी माणसं बोटांवर मोजून ठरवताहेत, तेव्हा मला रडू आलं. वीस मिनिटांनी बोर्डिंग पास मिळाला.

उतरल्यावर अधिकाऱ्याने तारखा पाहिल्या आणि मला आतल्या खोलीत पाठवलं. तिथे दीड तास. माझ्याकडे निळी फाइल होती, मिरजेतच लावून ठेवलेली: डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनचे कागद, फिजिओच्या पावत्या, परमिटच्या अर्जाची पोच, ठशांच्या पत्रावरचा शिक्का, दोन वर्षांची विवरणं, घराच्या कर्जाचं पत्र, मुलाच्या शाळेचं पत्र.

"इतके दिवस बाहेर का होतात?"

"आईचा खुबा मोडला. तिला दुसरं कुणी नाही."

"तुम्ही राहता कुठे?"

"एडिसनला. माझा नवरा बाहेर गाडी घेऊन उभा आहे, मुलगा घरी आहे."

"पुन्हा जाणार?"

इथे मी थांबले. खोटं बोलायचं नव्हतं. "हो. आई अजून एकटी राहू शकत नाही. म्हणून तर परमिट मागितलंय."

वकिलाने मला एक गोष्ट बजावून ठेवली होती. कार्ड स्वखुशीने परत करतो असा एक फॉर्म असतो, आय-४०७. दमलेल्या, घाबरलेल्या माणसापुढे तो आला तर सही करू नये. कार्ड सोडल्याचा निर्णय इमिग्रेशन न्यायाधीशापुढे व्हावा, असं मागण्याचा आपल्याला हक्क आहे. माझ्यापुढे तो फॉर्म आला नाही. अधिकाऱ्याने पोचेवरची तारीख दोनदा वाचली, डिस्चार्ज कार्ड उलटून पाहिलं आणि विचारलं, "आता चालतात का त्या?" मी म्हटलं, "वॉकर धरून अंगणापर्यंत." त्याने शिक्का मारला. पुढच्या वेळी परमिट सोबत असू द्या, एवढं बोलला.

पाच आठवडे मी घरी होते. मुलगा माझ्याहून चार बोटं उंच झाला होता. रोज रात्री तो माझ्या शेजारी येऊन अभ्यासाला बसायचा, काही न बोलता. दोन घरांतलं एक निवडायला मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्या पाच आठवड्यांत मला रोज तसंच वाटायचं. मार्चच्या शेवटी पुन्हा निघाले, कार्डावरच. अर्ज अजून तसाच पडून होता, आणि त्यात गैर काहीच नव्हतं. या वेळची वर्षाची खूण मार्च २०२५ला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, मिरजेत दुपारची आईची औषधं देत होते, नवऱ्याचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे अजून उजाडायचं होतं. पाकीट आदल्या संध्याकाळी आलं होतं, आणि हा रात्रभर न उघडता थांबला होता, मला दाखवून उघडायचं म्हणून. आतून पासपोर्टासारखंच पातळ पुस्तक निघालं. त्याने फोटोचं पान कॅमेऱ्याजवळ धरलं, मग मुदतीची ओळ. एप्रिल २०२६. मुदत निघण्याच्या तारखेपासून नाही, परमिट दिलं त्या तारखेपासून मोजतात. त्याला मुदतवाढ मिळत नाही, लागलं तर परत जाऊन नव्याने अर्ज. अर्जापासून पंधरा महिने झाले होते.

कुरियर करू का, त्याने विचारलं. मला घाई नव्हती, तोवर कार्ड पुरेसं होतं. गणपतीत तुम्ही दोघं येणारच आहात, तेव्हा आणा म्हटलं.

सप्टेंबरात दोघं आले. रस्त्यावर स्वागतकमानी उभ्या राहात होत्या, रात्रभर ठोकाठोक चालू. मुलाने बॅगेतून ते पुस्तक काढून आईच्या हातात दिलं. तिने चष्मा लावून माझा फोटो बघितला, पानं चाळली. सगळी कोरी.

"याच्यासाठी दोनदा गेलीस होय गं?"

"हो."

ती वॉकर धरून उठली. मी हात द्यायला गेले तर नको म्हणाली. कपाटापर्यंत अकरा पावलं, मी मोजली. आतल्या कप्प्यात रेशन कार्ड, वडिलांचं पेन्शनचं पुस्तक आणि तिच्या पाटल्यांची डबी असते, तिथे तिने ते ठेवलं आणि किल्ली कमरेला खोचली.